मुलीचं नाव 'उर्वरा' ठेवावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नागपुरात राहता, सासर काटोलकडचं, घरची संत्र्याची आणि कपाशीची शेती, मुलगी झालीय आणि बारसं तोंडावर आलंय. मिस्टरांनी 'उर्वरा' हे नाव काढलं, तुम्हालाही आवडलं, पण सासूबाई म्हणतात "काहून पोरीले खताच्या बोरीवरचं नाव ठेवता?", नणंदबाईंना, म्हणजे आत्या म्हणून पाळण्यात नाव घेणार त्यांना, ते नीट म्हणताच येत नाहीये, आणि तुमच्या मैत्रिणीने विचारलंय की मुलीला 'सुपीक' म्हणणं बरं दिसतं का. तर नेमका अर्थ काय आणि ठेवावं की नाही.

मी शाळेत संस्कृत शिकवलं आणि बरीच वर्षं नागपुरात बारशाचं पौरोहित्य करतेय, त्यामुळे नावांच्या याद्या माझ्याकडे सतत येत असतात. माझं मत आधीच सांगून टाकते, ठेवा. बिनधास्त ठेवा. पण तिघींच्याही शंका खऱ्या आहेत, त्या उडवून लावण्यासारख्या नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

अर्थाचं आधी बघू. नेटवर नावांच्या साइटवर उर्वराच्या पुढे सरसकट 'पृथ्वी' एवढंच लिहिलेलं असतं आणि तिथेच गडबड होते. पृथ्वीची नावं वेगळी. अमरकोशात, म्हणजे संस्कृत शब्दांच्या जुन्या कोशात, भूमिवर्ग म्हणून एक भाग आहे, त्यात सुरुवातीलाच पृथ्वीच्या नावांची रांग आहे, भू, भूमी, अचला, अनंता, रसा, विश्वंभरा, धरा, धरित्री, क्षोणी, काश्यपी, वसुमती, उर्वी, मेदिनी, मही अशी बरीच. उर्वरा त्या रांगेत नाहीच! ती पुढे येते, मातीचे प्रकार सुरू होतात तिथे, आणि तिथे तिचा अर्थ दिलाय 'सर्वसस्याढ्या', म्हणजे सगळ्या पिकांनी समृद्ध अशी जमीन. लगेच तिच्या शेजारी खारवट मातीचं नाव येतं. म्हणजे अमरकोशाला उर्वरा म्हणताना अख्खा पृथ्वीगोल सांगायचा नाहीये, एक विशिष्ट जमीन सांगायचीय, जिच्यात काहीही पेरा, येतं. उर्वी आणि उर्वरा ऐकायला बहिणी वाटतात म्हणून लोक दोन्हींचा अर्थ एकच लावतात, पण उर्वी म्हणजे विशाल अशी ही सगळी पृथ्वी, आणि उर्वरा म्हणजे कसलेलं, पिकतं शेत.

आणि शब्द भलताच जुना आहे. ऋग्वेदात इंद्राला 'उर्वरापती' म्हटलंय, 'उर्वराजित्' म्हणजे शेतजमिनी जिंकून देणारा असंही म्हटलंय. पारशांच्या अवेस्तातही उर्वरा हा शब्द आहे, तिकडे त्याचा अर्थ वनस्पती असा होतो. महाभारतात अनुशासनपर्वात कुबेराकडे नाचणाऱ्या अप्सरांची नावं येतात त्यातही एक उर्वरा आहे, रंभा-उर्वशीच्या जोडीनेच. पण मला स्वतःला सगळ्यात आवडते ती जागा म्हणजे ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातलं अपालेचं सूक्त, 91 वं. अपाला ही तरुण मुलगी, त्वचेच्या आजाराने गांजलेली असं परंपरा सांगते. पाण्याला जाताना तिला वाटेत सोम ही वनस्पती सापडते, ती तिथेच दातांनी चावून तिचा रस काढते आणि इंद्राला बोलावते. इंद्र येतो. मग ती मागते काय, तर तीन जागी उगवू दे म्हणते, माझ्या वडिलांच्या डोक्यावर (केस गेले होते त्यांचे), वडिलांच्या शेतात, आणि माझ्या स्वतःच्या अंगावर. त्यात शेतासाठी जो शब्द आलाय तो उर्वरा. विचार करा ताई, बापाच्या नापीक शेतासाठी मुलगी देवाशी बोलतेय, आणि तिच्या तोंडचा शब्द हा. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला याहून जवळचा संदर्भ कुठला मिळणार, मला तरी माहीत नाही.

आता तुमच्या भागातल्या जमिनीचं बोलते, कारण हे नाव तुम्हालाच का शोभतं ते तिथे आहे. नागपूर असं बसलंय की शहराच्या पश्चिमेला काळ्या पाषाणाचा मुलूख सुरू होतो, कळमेश्वर, काटोल, पुढे वरुडपर्यंत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक आणि त्याच्यापासून झालेली काळी माती, आणि पूर्वेला भंडाऱ्याकडे निघालात की खडकच बदलतो, फार जुना, आणि शेतात कपाशीऐवजी धान दिसायला लागतं. एकाच जिल्ह्यात दोन मुलूख. देशाच्या मातीचे नकाशे करणारी संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो, तिचं मुख्यालय आपल्याच अमरावती रोडवर आहे आणि कापूस संशोधनाची केंद्रीय संस्थाही नागपुरातच, पण नागपूरकरांना विचाराल तर निम्म्यांना ठाऊक नसतं.

ही काळी माती कधी मे महिन्यात बघितलीय का जवळून? बघितलीच असेल, काटोलचं सासर आहे. भेगा पडतात, मनगटापर्यंत हात जाईल अशा, काठावरची ढेकळं सुकून त्यांचे बारीक दाणे होतात आणि वाऱ्याने, गुरांच्या पायाने ते दाणे त्या भेगांत पडत राहतात. मग मृगाचा पाऊस येतो, माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, आणि आत पडलेली वरची माती आतच राहते, दाबाने खालची माती हळूहळू वर सरकते. असं दरवर्षी. जमीन स्वतःच स्वतःला उलटवत असते, नांगर लागायच्या आधीच! चपलेला चिकटून पाय जड होतो तीच ही माती, लहानपणी तिच्यात चालताना वैताग येतो, पण ती ओल धरून ठेवते म्हणून पाऊस संपल्यावरही कपाशी, तूर उभी राहते.

पण काळी म्हणजे आपोआप उर्वरा असं नाही हं. हे तुमच्या सासऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. फार खोल काळ्या जमिनीत पाणी साचलं की संत्र्याची मुळं सडतात, झाड डिंक सोडायला लागतं, म्हणून बागेची जागा बघून निवडावी लागते, निचरा करावा लागतो. शेणखत घालायचं, ताग पेरून गाडायचा, तलावातला गाळ आणून टाकायचा, बांध घालायचे, तेव्हा कुठे जमीन धरते. काहींच्या शेतात बरड तुकडे असतात ते दोन-दोन पिढ्या खपून पिकते केलेले असतात. वेदातही उर्वरा म्हणजे रानमाळ नव्हे, नांगरलेली जमीन. म्हणजे या नावात माती आहे आणि तिच्यावर खपलेली माणसंही आहेत. धरा, वसुधा, अवनी ही नावं चांगलीच आहेत पण ती दुरून दिसणाऱ्या पृथ्वीची आहेत, उर्वरा हे तुमच्या घरच्या बांधावरचं नाव आहे, आणि म्हणून मला ते इतकं भावतं.

बाकी भूमीवरून येणारी नावं लोक विचारतात ती पटकन सांगून टाकते. अवनी आता वर्गात दोन-दोन असतात, शिवाय आपल्याकडे अवनी म्हटलं की 2018 ची पांढरकवड्याची वाघीण आठवते. मेदिनी ऐकायला भारदस्त, पण त्याची कथा मधु-कैटभ राक्षसांच्या मेदाने माखलेली भूमी अशी आहे, आईबापांना ती कथा कळली की बहुतेक वेळा नाव मागे पडतं. मृत्स्ना म्हणजे उत्तम माती, अर्थ सुरेख पण सुरुवातीचं 'मृत्' ऐकून आजीबाई दचकतात, मी सुचवत नाही. रसा हे पृथ्वीचं नाव नागपुरात ठेवणं अवघड, झणझणीत सावजी रश्श्याच्या गावात त्या पोरीला कोण सुखाने जगू देईल. सीता म्हणजे नांगराची तास, जमिनीतून आलेलं सगळ्यात मोठं नाव तेच, पण तुम्हाला वेगळं हवंय. आणि घरात अगदीच जमलं नाही तर माझा दुसरा पर्याय 'वैदर्भी', रुक्मिणी आणि दमयंती या दोघी विदर्भकन्यांचं नाव, मातीपेक्षा मुलखाचं.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या बरोबर बोलतायत. 2022 पासून अनुदानाच्या खताची पोती 'भारत' नावाने येतात, भारत युरिया, भारत डीएपी, आणि त्यावर 'प्रधानमंत्री भारतीय जनउर्वरक परियोजना' असं ठसठशीत छापलेलं असतं. आपण मराठीत खत म्हणतो, उर्वरक हा हिंदीतला शब्द, पण नागपुरात हिंदी घराघरात आहे आणि शेतकऱ्याच्या घरात तर ती बोरी पडवीतच उभी असते, रोज डोळ्यापुढे. त्यांना नात नाही तर पोतं आठवतं यात त्यांची काय चूक. त्यांना एवढंच सांगा की बोरीवरचा शब्द आपल्या नातीच्या नावावरून निघालाय, नातीचं नाव बोरीवरून नाही निघालं. जमिनीला उर्वरा करतं ते उर्वरक. आणि नुसतं सांगून थांबू नका, त्यांना विचारा की आपल्या वावरातला सगळ्यात चांगला तुकडा कुठला. बाया-माणसांना हे अचूक माहीत असतं, निंदायला, वेचायला त्याच जातात, कुठे कापूस जास्त सुटतो ते हाताला कळतं. विहिरीजवळचा म्हणतील, नाल्याकडचा म्हणतील, त्याला घरात काहीतरी नावही असेल. मग म्हणा, आई, त्या तुकड्याला पोथीत उर्वरा म्हणतात. माझा अनुभव असा आहे की वडीलधाऱ्यांना नाव नको नसतं, त्यांना ते परकं वाटत असतं.

दुसरा एक शब्द तुम्ही विचारला नाहीत पण पुढे कुणीतरी काढेलच म्हणून सांगते, 'उर्वरित'. मराठीत उरलेलं ते उर्वरित, आणि विदर्भात तर हा शब्द पेपरात वाचून वाचून पाठ झालाय कारण 1994 ला वैधानिक विकास मंडळं झाली ती विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी. शाळेत कोणी ना कोणी तिला त्यावरून चिडवेल. चिडवू दे. मी वर्गात उभी राहून बघितलंय, पोरं कुठलंही नाव सोडत नाहीत, साध्या मीनाला आणि गौरीलाही सोडत नाहीत, थोडे दिवस चालतं आणि मग सगळे त्या नावाला सरावतात. फक्त मुलीला तिच्या नावाचा अर्थ लहानपणीच एका वाक्यात पाठ असला पाहिजे. "सगळी पिकं येतात ती जमीन", बस. चार वर्षांच्या पोरीला हे म्हणता येतं, आणि ज्या मुलीला आपल्या नावाचं असं उत्तर देता येतं ती सहसा रडत घरी येत नाही.

आता मैत्रिणीची शंका, आणि ही मला तिन्हींतली सगळ्यात वजनदार वाटते. मुलीला सुपीक म्हणायचं का? आपल्या परंपरेत बाईला शेत आणि पुरुषाला बीज म्हणायची पद्धत आहे, मनुस्मृतीत नवव्या अध्यायात ती अगदी उघड लिहिलीय, नारी म्हणजे क्षेत्र, पुरुष म्हणजे बीज, आणि त्यावरून मग पीक कोणाच्या मालकीचं याचा काथ्याकूट. मला हे अजिबात मान्य नाही, कधीच नव्हतं. बाई म्हणजे कोणी येऊन पेरायची जागा नव्हे. या अर्थाने जर कोणी उर्वरा म्हणत असेल, बारशाला कुणी काका हसत हसत म्हणाले की व्वा, घर भरेल आता, तर तिथल्या तिथे थांबवा, मी पौरोहित्याला असले तर मीच थांबवते. पण नावाचा अर्थ तो नाहीये. सर्वसस्याढ्या, यात आढ्य म्हणजे संपन्न, श्रीमंत. जमीन स्वतः संपन्न आहे, तिच्याकडे आहे म्हणून ती देते, एक पीक नाही, सगळी. ज्वारीही, तूरही, हरभराही. मुलगी चित्रं काढेल, गणित करेल, कबड्डी खेळेल, ट्रॅक्टर चालवेल, काय ते तिचं तिला ठरवू दे, जे पेरेल ते येवो एवढाच आशीर्वाद आहे हा. आणि अपालेची गोष्ट परत सांगते, तिथे शेत कुणा पुरुषाने जिंकायचं नाहीये, मुलगी स्वतः बोलतेय, स्वतःसाठी आणि बापासाठी मागतेय. मैत्रिणीला ही गोष्ट सांगा. तरी तिला पटलं नाही तर तिचा आदर ठेवा, हा विचार करणारी मैत्रीण असणं भाग्याचं आहे.

शास्त्राचं कोणी काढलं तर तेही पक्कं आहे. पारस्कर गृह्यसूत्र या घरच्या संस्कारांच्या जुन्या ग्रंथात मुलीच्या नावाचा नियम आहे, अक्षरं विषम असावीत आणि शेवट 'आ' ने व्हावा. उ-र्व-रा, तीन अक्षरं, शेवटी आ. अवकहडा चक्राने, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचं अक्षर काढायच्या कोष्टकाने, बघाल तर 'उ' हे कृत्तिकेच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर, रास वृषभ. तुमच्या बाळाचं चरणाक्षर दुसरं असलं तरी काही अडत नाही, बारशाला आपण देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी चार नावं घेतो, पत्रिकेचं अक्षर नक्षत्रनामात येऊन जातं, हाक मारायचं नाव तुमच्या मर्जीचं. कोणी गुरुजी याच्यावरून घाबरवत असतील तर घाबरू नका.

उच्चाराचं मात्र काम करावं लागेल. नणंदबाई म्हणतात तसं 'उरवरा' होतं, काहींचं 'उर्वा' होतं, आणि काही जण थेट उर्वशी म्हणून मोकळे होतात. त्यांना दोन तुकडे करून शिकवा, 'उर्' आणि 'वरा', मध्ये श्वास नाही घ्यायचा. कुर्रर्र करून कानात सांगताना घाईत चुकतं म्हणून बाळाला खालीवर देणं चालू असतानाच मनात म्हणत राहायला सांगा, गोविंद घ्या गोपाळ घ्या चाललेलं असतं तेवढा वेळ पुरतो. आणि ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात तेव्हा रफार कुठे द्यायचा ते आधी कागदावर बघून घ्या, तो 'व' च्या डोक्यावर येतो, पहिला 'उ' ऱ्हस्व. तांदळात रफार नीट उमटत नाही, दाणे सरकतात, म्हणून अक्षर मोठं काढा आणि रफार शेवटी द्या. घरात लाडाने उरू म्हणा, उर्वू म्हणा, आजोळी कोणी वरा म्हणेल, सगळं छान लागतं. दारातून अंगणात हाक मारून बघितलं तर शेवटचा 'रा' लांबवता येतो, हाक दूरवर जाते, शेतावर हे कामाचं आहे.

शेवटी कागदपत्रांचं, कारण आजकाल खरी भानगड तिथेच होते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव त्याच वेळी टाकलं पाहिजे असं नाही, नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणजे घरात एकमत व्हायला तुमच्याकडे वेळ आहे, बारशाच्या तारखेसाठी कोणावर दडपण आणू नका. पण एकदा टाकलं की नीट टाका, कारण 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेच्या ॲडमिशनपासून पासपोर्टपर्यंत जन्म दाखलाच मुख्य पुरावा धरला जातो, नंतर दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. इंग्रजी स्पेलिंग साधं ठेवा, यू-आर-व्ही-ए-आर-ए, उगाच शेवटी एच नको की मध्ये जास्तीचा ए नको, अंकशास्त्रवाला काहीही सांगो. मराठीतलं नाव फॉर्मवर स्वतःच्या हाताने सुटं, मोठं लिहा, आणि दाखला प्रिंट व्हायच्या आधी स्क्रीनवर 'ऊर्वरा' किंवा 'उर्वशी' तर पडलेलं नाही ना, हे मिस्टरांना अक्षर न अक्षर वाचून घ्यायला सांगा.